दुसरी खूण

पोथिया, कालिम्नोस
१४ जानेवारी २०२४

प्रिय साकेल्लारिस काका,

तुम्ही मला ओळखत नाही. मी थेमेलीना, तुमच्या धाकट्या भावाची, पांतेलिसची मुलगी. तुम्ही बेट सोडलंत त्यानंतर बारा वर्षांनी जन्मले. हे पत्र खरंच तुमच्या हाती पडलं असेल, तर एक विनंती आहे. बसून वाचा.

आम्ही तुम्हाला मेलेले समजतो. आठ वर्षं झाली.

तीन कागद फाडले, तरी हे वाक्य सौम्य होईना, म्हणून जसं आहे तसं लिहिलं. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून बातमी कळली की योर्गोसचा मुलगा साकेल्लारिस सारुकोस, मूळ कालिम्नोसचा, वय त्रेपन्न, वारला. तुमचं वय तेव्हा तेवढंच होतं. चर्चमध्ये प्रार्थना झाली. आजीनं स्वतः गहू उकडून, साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून कोलिवा केला आणि शेजारपाजारी वाटला. चाळिसावा दिवस झाला, वर्षश्राद्ध झालं. आजोबांसाठी ती काळं नेसतच होती, तुमच्यासाठी डोक्यावरचा रुमालही काळा केला. तेव्हापासून आमच्या घरी ईस्टरला अंडी लाल रंगवत नाहीत. स्वप्नात कुणी मेलेला दिसला तर त्याचं आयुष्य वाढतं, असं आजी म्हणते. आम्ही तर इतकं सगळं केलं. त्या हिशेबानं तुम्ही शंभरी गाठायला हरकत नाही.

चूक कशी झाली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या घराण्यात थोरल्या मुलांची नावं दोनच. आजोबा साकेल्लारिस, मुलगा योर्गोस, नातू पुन्हा साकेल्लारिस. पणजोबांच्या भावांनीही तेच केलं. ‘योर्गोसचा साकेल्लारिस’ अशी हाक मारली तर तुमच्या पिढीत चार जण वळून बघायचे. डार्विनला वारले ते त्या चारांतले दुसरे. त्यांचं सगळं कुटुंब तिकडेच, इकडे कुणी उरलं नाही. कुणीतरी इंटरनेटवर बातमी पाहिली आणि ती आपली समजली.

तुम्ही मला कसे सापडलात ते पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता एवढंच की वेलिंग्टनच्या ग्रीक मंडळाच्या एका जुन्या मासिकात मुलांच्या नाचाच्या पथकाचा फोटो आहे. २००९ सालचा. मागे एक माणूस कॅसेट-प्लेअर छातीशी धरून उभा आहे आणि त्याची मान डावीकडे कललेली आहे. माझे बाबाही फोटोत तशीच मान कलवतात आणि आई दर वेळी ओरडते, ‘सरळ बघ, पांतेलिस, कबुतर आहेस का.’ तो माणूस तुम्ही असावात असं मला फार वाटतं. फार वाटतं, म्हणूनच मी सावध आहे. मागच्या वेळीही सगळ्यांना तसंच वाटलं होतं.

म्हणून एक प्रश्न विचारते. तुमची आणि बाबांची समुद्रात स्पंजची एक जागा होती, तुम्ही दोघांनी शोधलेली. तिच्या किनाऱ्यावरच्या दोन खुणा बाबांनी आजवर कुणालाच सांगितलेल्या नाहीत. आजोबांनाही नाही, मलाही नाही. त्या मला लिहून पाठवा. जगात त्या दोनच माणसांना ठाऊक आहेत.

घाईचं कारण असं. ९ मार्चला पितरांचा शनिवार आहे. त्या दिवशी चर्चमध्ये नावांची चिठ्ठी द्यावी लागते, एका बाजूला जिवंत, एका बाजूला मृत. आजीला लिहिता येत नाही, ती सांगते आणि मी लिहिते. गेली आठ वर्षं तुमचं नाव मी मृतांच्या बाजूला लिहिते आहे. या वर्षी माझ्याकडून ते व्हायचं नाही. पण लिहिणार नाही तर का, हे त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला सांगावं लागेल. आणि खात्री नसताना सांगितलं आणि ते खोटं निघालं, तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा मरेल.

बाबांना या पत्राची कल्पना नाही. पत्र त्या ग्रीक मंडळाच्या पत्त्यावर पाठवते आहे आणि पाकिटावर तुमच्या नावाखाली ‘नोमिकीचे वडील’ असं लिहिलं आहे, म्हणजे तिथे दोन साकेल्लारिस असले तरी पत्र चुकणार नाही.

तुम्ही असाल, तर असल्याबद्दल आभार.

थेमेलीना


पोथिया
४ फेब्रुवारी

प्रिय काका,

पहिलं पत्र पोचलं की नाही ठाऊक नाही, तरी दुसरं लिहिते आहे, कारण पहिल्यात मी एक शब्द भित्रेपणानं लिहिला. ‘कुणीतरी’ बातमी पाहिली असं म्हटलं. ते कुणीतरी मी होते.

पंधरा वर्षांची होते. शाळेत नवे संगणक आले होते आणि मी त्यांच्यावरून उठायची नाही. एक दिवस आजी मटार सोलता सोलता म्हणाली, “एवढी त्या यंत्राशी बोलत बसतेस, त्याला विचार की माझा मुलगा कुठाय.”

बाबा उठून बाहेर गेले. तुमचा विषय निघाला की ते बाहेर जातात.

मी तुमचं नाव टाकलं, आजोबांचं नाव टाकलं, बेटाचं टाकलं. हजारो उत्तरं आली. सर्वांत वर ती बातमी होती. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, बेट बरोबर, वय बरोबर. खालचं काही मी उघडलंच नाही. कशाला उघडायचं? हुशार होते ना. कागद छापून घरी आणला. त्या दिवशी रडू यायच्या आधी माझ्या मनात जरासा अभिमान होता, की सत्तावीस वर्षं कुणाला जमलं नाही ते मी एका दुपारात शोधलं. हे मी कुणाजवळ बोललेले नाही.

बाबांनी डार्विनला ओळखीच्या एका म्हाताऱ्या पाणबुड्याला फोन लावला. मी शेजारी उभी होते.

“आमचा साकेल्लारिस गेला का रे?”

“गेला रे पांतेलिस. मागच्याच महिन्यात. आम्ही सगळे होतो मातीला.”

“कशानं?”

“हृदय.”

“बरं,” बाबा म्हणाले. फोन ठेवला आणि सांधायला घेतलेलं जाळं पुन्हा हातात घेतलं.

यात कुणीही खोटं बोललं नाही, काका. कुठल्या आईचा साकेल्लारिस, एवढं फक्त कुणी विचारलं नाही. खरं तर आपल्याकडे तोच पहिला प्रश्न असतो. पुरुष सहा-सहा महिने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्पंज काढायला जायचे, दारात आईच दिसायची, म्हणून गल्लीतलं शेंबडं पोरही विचारतं, ‘कुणाची गं तू?’ म्हणजे कुठल्या आईची. पण मृत्यूची बातमी आली की उलटतपासणी कोण करतं?

मग मी कोर्फूला शिकायला गेले, ग्रंथालयशास्त्र. आपल्या घरातून पदवीपर्यंत गेलेली मी पहिलीच. बोटीवर सोडायला आलेले बाबा म्हणाले, “पुस्तकं नीट लावायला चार वर्षं लागतात होय?” पण धक्का दिसेनासा होईपर्यंत टोपी हलवत राहिले.

तिथे एव्हांथिया बाई होत्या. त्यांच्याबद्दल मला पानंच्या पानं लिहिता येतील, पण पहिला तास तेवढा सांगते. त्यांनी वर्गाला काहीतरी शोधायला लावलं आणि मला विचारलं, “किती उत्तरं आली?”

“सदतीस लाख, बाई.”

“वाचून कधी होतील?”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “मग तुम्हाला काही सापडलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “समुद्र मोठा आहे एवढंच कळलं. आता काय नकोय ते सांगायला लागा.”

ते त्यांनी चार वर्षं शिकवलं. नेमके शब्द हवेत तर ते अवतरण चिन्हांत बांधायचे. नको तो शब्द वजा करायचा. सगळं जग न धुंडाळता एकाच जागेत शोधायचं, ठरावीक वर्षांतलंच मागायचं. आणि जे वर आलं आहे ते खरं म्हणून वर आलं आहे, असं कधी समजायचं नाही. चौथ्या वर्षी, नोव्हेंबरात, त्यांनी गृहपाठ दिला: पूर्वी केलेला एखादा शोध पुन्हा करा, या वेळी नीट.

मी तुमचा घेतला. का घेतला ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

या वेळी फक्त डार्विनच्या चर्चची पत्रकं शोधली, फक्त त्या दोन महिन्यांची. अंत्यविधीचं पान मिळालं. ‘योर्गोस आणि कालोतिना यांचा मुलगा.’ कालोतिना. मी तो शब्द पडद्यावर बोटानं झाकला आणि पुन्हा उघडला. आजीचं नाव नोमिकी.

आता सर्वांत वाईट गोष्ट. हे मला २०२१ च्या नोव्हेंबरात कळलं. म्हणजे दोन वर्षं मी गप्प राहिले. पितरांचे दोन शनिवार आजीसमोर बसून, ठाऊक असताना, तुमचं नाव मृतांत लिहिलं. मनाशी म्हणायचे, मेलेले ते नव्हते म्हणजे हे जिवंत आहेत असं थोडंच होतं, आधी खात्री करू. हे खरं होतं. मी घाबरले होते, हेही खरं होतं. घरात सगळे म्हणतात, थेमेलीनाला विचारा, ती शिकलेली आहे. तीच चुकली हे सांगायला माझी जीभ वळेना.

पदवी घेऊन परत आले, इथल्या नगरपालिकेच्या वाचनालयात लागले आणि रोज काम संपल्यावर अर्धा तास तुम्हाला शोधायला लागले. तुमचं नाव बांधून टाकलं. डार्विन वजा केलं. फ्लोरिडात त्याच नावाचं स्पंजचं दुकान आहे, ते वजा केलं. एक फुटबॉलपटू आहे, तोही वजा. शेवटी अकरा कागद उरले आणि अकराही उरलेल्या दोन साकेल्लारिसांचे.

वाट दाखवली ती बाबांनी, आणि त्यांना याचा पत्ताही नाही. डिसेंबरात आम्ही होडीत होतो. जमिनीवर त्यांचा डावा पाय ओढतो, होडीत कुणाला कळतही नाही. काचेच्या तळाची बादली पाण्यावर धरून मी तळ बघत होते आणि काही दिसत नव्हतं.

“तू नुसती त्या चॅपलवर नजर ठेवून चाललीयेस,” बाबा म्हणाले. “चॅपल आणि मागचा खडक जुळले ही एक खूण झाली. एक खूण म्हणजे नुसती रेघ, माझे आई. त्या रेघेवर तू तुर्कस्तानापर्यंत जाशील. बाजूला बघ. दुसरी खूण घे. दोन रेघा कापतील तिथं बादली धर.”

लहानपणापासून हे मी शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी मात्र बादली हातात तशीच राहिली. मी दोन वर्षं तुमच्याच नावाच्या रेघेवर वरखाली करत होते. आजोबांचं नाव जोडलं तरी रेघ तीच, कारण चौघांचे बाप योर्गोस. दुसरी खूण आजी होती.

पण परदेशी कागदांवर आईचं नाव कोण लिहितं? कुणी नाही. मग वाटलं, आपल्याकडचा माणूस आईचं नाव कागदावर लिहीत नसेल, पण मुलीला देतो. पहिली मुलगी आईच्या आईची, दुसरी बापाच्या आईची. मी पहिली, म्हणून थेमेलीना. दुसरी झालीच नाही आणि आजी अजून माझ्या आईला ऐकवते, “आणखी एक झाली असती तर घर काही लहान पडलं नसतं. माझं नाव माझ्याबरोबरच जाणार.”

मी तुमचं नाव काढून टाकलं. ‘नोमिकी’ आणि आपलं आडनाव, बस्स. आपलं बेट वजा. फक्त जुन्या मासिकांची पानं, १९९५ नंतरची.

तीन उत्तरं आली आणि तिन्ही एकाच पानाची. नाचाचं पथक, पुढच्या ओळीत डावीकडून चौथी, नोमिकी सारुकोस, वय नऊ. माझ्याच वयाची.

तुम्ही छत्तीस वर्षांत एक ओळ लिहिली नाहीत, पण मुलीचं नाव ठेवलंत. त्या नावानं तुम्ही मला सापडलात. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एव्हांथिया बाईंनाही कालच पत्र टाकलं. गृहपाठ दोन वर्षं उशिरा पुरा झाला असं लिहिलं.

थेमेलीना


पोथिया
२५ फेब्रुवारी

प्रिय काका,

उत्तर नाही. तीन वेळा पोस्टात जाऊन आले. पोस्टातली बाई म्हणाली, “मुलगा कुठला आहे?” मी म्हटलं, काका आहे. “सगळ्याच असं म्हणतात,” ती म्हणाली.

वाचनालयात मी आता शनिवारी सकाळी एक वर्ग घेते, इंटरनेटवर नीट कसं शोधावं याचा. पहिल्या दिवशी दोन विद्यार्थिनी आल्या आणि एक निवृत्त कप्तान. कप्तान म्हणाले, “पोरी, काल रात्री गुडघा दुखत होता म्हणून या फोनला विचारलं. त्यानं मला तीन आजार आणि एक शवपेटीचं दुकान दाखवलं.” मी त्यांना वय घालायला लावलं, कुठल्या बाजूला दुखतं ते घालायला लावलं, दुकानं वगळायला लावली आणि फक्त इस्पितळांची पानं वाचायला सांगितली. अर्ध्या तासानं ते म्हणाले, “म्हणजे गुडघाच म्हातारा झालाय. एवढं तर बायकोही सांगत होती.” पण पुढच्या शनिवारी चार मित्रांना घेऊन आले. आपल्या माणसांना हे शिकवायला मला फार आवडतं. ते पाण्यावर जितके सावध असतात तितके पडद्यासमोर झाले, तर माझ्यासारखी चूक पुन्हा कुणाच्या घरात होणार नाही.

आजी चिठ्ठीसाठी कोरा कागद मागते आहे. मी म्हटलं, अजून अवकाश आहे. ती म्हणाली, “मेलेल्यांना घाई नसते, मला आहे.” काल गहूही निवडून ठेवले.

कदाचित फोटोतला माणूस तुम्ही नसाल. किंवा असाल आणि तुम्हाला आम्ही नको असू. तो तुमचा हक्क आहे. मला बाबांच्या अपघाताबद्दल जेवढं माहीत आहे ते एवढंच: १९८८ साली त्याच जागेवर बाबा खाली होते, तुम्ही वर हवेच्या नळीपाशी होतात आणि बाबा वर आले ते पाय लुळा होऊन. इस्पितळात त्यांनी तुम्हाला ‘तोंड दाखवू नकोस’ असं म्हटलं. हे मला आजीकडून कळलं. मी कुणाच्या बाजूनं लिहीत नाही. फक्त आजी गहू निवडताना दिसते, म्हणून लिहिते.

थेमेलीना


पोथिया
६ मार्च, बुधवार

प्रिय काका,

तुमचं पत्र आज सकाळी आलं. पोस्टातल्या बाईनं ते खिडकीतून हलवून दाखवलं. मी ते तिथेच उभ्यानं उघडलं. चार ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता डोळे मिटूनही दिसतात.

‘संत निकोलसच्या चॅपलचा घुमट काळ्या खडकाच्या खाचेत. मोडकी पवनचक्की टोकाच्या नाकावर. तो फोटो माझाच. पांतेलिसला सांग, मी तीन हिसके दिले होते.’

खाली फोनचा नंबर.

खुणा बरोबर आहेत की नाही हे मला कळणार नव्हतं. ते एकाच माणसाला कळणार होतं. म्हणजे मला आता त्याच्यासमोर जाऊन सगळं सांगावं लागणार होतं. तुम्हाला प्रश्न विचारताना हे माझ्या ध्यानात आलं होतं. कदाचित म्हणूनच तो विचारला.

बाबा धक्क्यावर होडीचा रंग खरवडत होते. मी बाजूच्या दोरखंडावर बसले आणि सुरुवातीपासून सांगितलं. मटार, छापलेला कागद, कालोतिना, दोन वर्षं, सगळं. ते खरवडत राहिले. मी कालोतिनाचं नाव घेतलं तेव्हा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. शेवटी मी पत्र पुढे केलं.

त्यांनी हात पँटला पुसले. पत्र लांब धरून वाचलं. चष्मा घरी होता. समुद्राकडे पाहिलं, चॅपलच्या दिशेनं, जणू घुमट अजून खाचेत बसतो का ते पडताळत होते.

“पवनचक्की तेव्हा मोडकी नव्हती,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “म्हणजे हे ते नाहीत?”

“अगं, तोच आहे. तेव्हापासूनच तिला मोडकी म्हणायचा. एक पातं वाकडं होतं नुसतं. प्रत्येक गोष्टीत वाईट बघायची सवय.” आणि मग पुन्हा पत्राकडे बघून, “जिवंत आहे गाढव.”

मी विचारलं, तीन हिसके म्हणजे काय.

“वर ये, याची खूण. दोरीला तीन हिसके.” ते होडीच्या काठावर बसले. “मला मिळाले. तिन्ही मिळाले. पण हातभर अंतरावर एक स्पंज होता, एवढा मोठा, लग्नाच्या परातीएवढा. म्हटलं, एवढा घेतो. मग आणखी एक दिसला. त्यानं पुन्हा हिसके दिले, मी पुन्हा थांबलो. शेवटी हवेची नळी अडकली असं समजून त्यानं मला एकदम वर ओढलं. तेवढा वेळ खोल राहून असं झटक्यात वर आलं की पाय जातो. आणखी काय करणार होता?”

“मग तुम्ही त्यांना का…”

“वीस-बावीस वर्षांचा होतो. पाय हलत नव्हता. कुणाला तरी ओरडायचं होतं.” त्यांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो. तो बोटीवर चढला होता. मग म्हटलं, लिहील पत्र, तेव्हा सांगू. मग तू तो कागद घेऊन आलीस, आणि सांगायला कुणी उरलंच नाही.”

आठ वर्षं मी त्यांच्यावर किती मोठं ओझं ठेवलं होतं, हे मला तिथे कळलं. मी माफी मागितली. त्यांनी माझ्या केसांत अडकलेला रंगाचा कपचा काढला.

“तुला दोन वर्षं खरं बोलवलं नाही. मला छत्तीस,” ते म्हणाले. “आपल्या घराण्यात तू जरा चटपटीत निघालीस. शिकलीस त्याचा एवढा तरी उपयोग.”

मग मला म्हणाले, “लिही त्याला. तीन हिसके मिळाले होते म्हणावं. माझ्या तोंडानं सांगेनच, पण तोवर कागदावर असू दे.”

म्हणून हे पत्र आजच टाकते आहे. मिळाले होते, काका.

थेमेलीना


पोथिया
९ मार्च, शनिवार

प्रिय काका,

हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर आपलं फोनवर बोलणं झालेलं असेल. तरी आजचं आजच लिहून ठेवते.

आजीला कसं सांगायचं यावर काल आमची बैठक झाली. आई म्हणाली, डॉक्टरांना बोलावू, मग सांगू. बाबा म्हणाले, पाद्रींकडून सांगवू. शेवटी दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

सकाळी आजी टेबलाशी बसली होती, पुढे कोरा कागद, पेन, उकडलेल्या गव्हाचं ताट. मी कागदावर मधोमध रेघ मारली. तिनं सांगायला सुरुवात केली. मृत: योर्गोस. थेमेलीना, म्हणजे माझी दुसरी आजी. मग ती म्हणाली, “साकेल्लारिस.”

मी पेन खाली ठेवलं आणि तुमच्या मासिकातला फोटो तिच्यासमोर ठेवला. मोठा करून छापून आणला होता. बोट पुढच्या ओळीतल्या चौथ्या मुलीवर ठेवलं.

“ही कोण?” आजी म्हणाली. “पोशाख आपल्याकडचा दिसतो.”

“नोमिकी.”

“कुठली नोमिकी? मी तर इथे बसलेय.”

“नोमिकी सारुकोस. साकेल्लारिसची दुसरी मुलगी.”

आजीनं माझ्याकडे पाहिलं. रडेल, चक्कर येईल, काहीतरी होईल म्हणून बाबा दारात खुर्ची घेऊन उभेच होते. ती अगदी शांतपणे म्हणाली, “कुठल्या साकेल्लारिसची? चार आहेत.”

काका, हाच तो प्रश्न होता. आठ वर्षांपूर्वी तो छापलेला कागद मी बाबांच्या हाती दिला होता. बाबांनी फोन केला आणि आजीला फक्त ‘गेला’ एवढं सांगितलं. तिला विचारायला जागाच ठेवली नव्हती आम्ही.

“नोमिकीच्या साकेल्लारिसची,” मी म्हटलं. “तुझ्या.”

तिनं फोटो उचलला, खिडकीशी नेला. मागच्या माणसाकडे तिनं पाहिलंच नाही, निदान आधी तरी नाही. त्या मुलीकडे बघत राहिली. मग बोट मागे सरकलं. “मान सरळ धरायला शिकला नाही अजून,” ती म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. बाबांनी खुर्ची वेळेवर सरकवली होती.

त्यानंतरचं सगळं लिहीत नाही. मी माझी चूक सांगितली तेव्हा आजीनं माझा गाल ओढला, दुखेल इतका, आणि मग त्याच गालाचा मुका घेतला. बाबांनी त्यांची सांगितली तेव्हा मात्र तिनं त्यांच्याकडे पाठ फिरवली. तासाभरानं त्यांच्यापुढे कॉफी ठेवली, साखर न घालता. बाबा म्हणाले, हे निम्म्यावर भागलं.

मग चर्चची घंटा झाली आणि तिला चिठ्ठी आठवली. “लिही लवकर.”

मी नवा कागद घेतला. जिवंतांच्या बाजूला पहिलं नाव तुमचं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण पाद्रींना लागतं. त्याखाली नोमिकी. तुमच्या पत्नीचं आणि थोरल्या मुलीचं नाव ठाऊक नाही, म्हणून आजीनं दोन ओळी मोकळ्या सोडायला लावल्या. “देवाला माहीत आहेत ती,” ती म्हणाली, “पण मला हवीत.”

मृतांच्या बाजूला तुमचं नाव यंदा नव्हतं. मी कागदाची घडी घालणार, तोच तिनं माझा हात धरला.

“तो दुसराही लिही.”

“कोण दुसरा?”

“डार्विनचा. बिचाऱ्याला आठ वर्षं माझ्या हातचे गहू मिळतायत. आता एकदम बंद कसे करायचे? सवय झाली असेल त्याला.”

मी लिहिलं: साकेल्लारिस.

“असं नको,” आजी म्हणाली. “नीट लिही. कालोतिनाचा साकेल्लारिस. पुन्हा घोटाळा नको.”

पाद्रींनी आज ते तसंच वाचलं. आजीच्या रुमालाचा रंग अजून काळाच आहे. रुमाल आजोबांसाठी ठेवते, म्हणाली. पण येताना दुकानात थांबून तिनं अंड्यांसाठी लाल रंगाच्या दोन पुड्या घेतल्या. ईस्टरला अजून दोन महिने आहेत.

फोन उद्या, रविवारी करायचं ठरलं आहे. बाबा सकाळपासून नंबर पाठ करत आहेत, कागद समोर असून. पण आधी आजी बोलणार आणि फोन तिच्या हाती असला की ती कुणाचंही पटकन ऐकत नाही, हे तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही नुसतं ‘मी साकेल्लारिस’ म्हणालात तर ती विचारेल, कुठला.

रागावू नका, काका. आईचं नाव सांगा.

तुमची पुतणी,
थेमेलीना